टायर रुंद, रिम अरुंद

जाडजूड, खोल नक्षीचे टायर घातले की जीप रुबाबदार दिसते. पण ते टायर गाडीच्या मूळ चाकांना मानवतात की नाही, हे पाहिले नाही तर त्या रुबाबाची किंमत सगळ्या कुटुंबाला मोजावी लागते.

दक्षिण दिल्लीत आय.एन.ए. मार्केट आणि सरोजिनी नगर यांच्या शेजारी लक्ष्मीबाई नगर आहे. झाशीच्या राणीचे नाव मिरवणारी ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत. अशा वसाहतींत एके काळी क्वार्टरसमोर स्कूटर उभी असे, नंतर तिच्या जागी मारुती ८०० आली. आता तिथे जीपच्या घाटाच्या उंच गाड्याही दिसू लागल्या आहेत. १९८५ मध्ये आलेली मारुतीची जिप्सी बरीच वर्षे लष्कर, पोलीस आणि मोजक्या हौशी लोकांपुरती राहिली. मात्र २०२० मध्ये महिंद्राची नवी थार आणि २०२३ मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी बाजारात आल्यापासून नोकरदार घरांतील तरुण मुलेही अशा गाडीचे स्वप्न पाहू लागली.

गाडी दारात आली की पहिली हौस असते ती टायर बदलण्याची. कंपनीने दिलेले टायर या मुलांना 'सायकलचे' वाटतात. करोल बाग किंवा काश्मिरी गेटच्या बाजारात चक्कर झाली की रुंद, काटेरी नक्षीचे टायर मनात भरतात. दुकानदारही छातीवर हात ठेवून सांगतो, "सब यही लगवाते हैं, भाईसाहब." टायरांवरच खिसा रिकामा झालेला असल्याने चाके मात्र मूळचीच ठेवली जातात. बहुतेकांची फसगत नेमकी इथेच होते.

असे एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. वडील मंत्रालयात नोकरीला आहेत आणि निवृत्ती जवळ आली आहे. मुलगा गुडगावला कामाला जातो. त्याने हप्त्यांवर जिम्नी घेतली आहे. मे महिन्यात नागपूरला घरचे लग्न आहे आणि आजीसह सगळ्यांनी गाडीनेच जायचे ठरले आहे. त्याआधी मुलाला टायर बदलून हवे आहेत. मूळ टायर १९५ चे, त्याला हवेत २३५ चे. दुकानदाराने याच चाकांवर बसवून देण्याचे कबूल केले आहे. आता घरात जी चर्चा होईल, तिला थोडा हिशेबाचा आधार असलेला बरा.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर माप छापलेले असते. जिम्नीच्या मूळ टायरचे माप १९५/८० आर १५ असे आहे. यातला १९५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दाखवतो. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मि.मी. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पंधरा इंच म्हणजे ३८१ मि.मी. त्यात वरची आणि खालची बाजू मिळवली की पूर्ण चाकाची उंची ६९३ मि.मी. येते.

मुलाला हवा असलेला टायर २३५/७५ आर १५ या मापाचा आहे. त्याची उंची याच पद्धतीने काढली तर सुमारे ७३४ मि.मी. येते, म्हणजे चाक जवळजवळ ४० मि.मी. ने उंच होते. गाडी मात्र जमिनीपासून त्याच्या निम्मीच, म्हणजे २० मि.मी. वर उचलली जाते, कारण उरलेली निम्मी वाढ आसाच्या वर जाते. पाऊण इंचापेक्षा थोडा जास्त असा हा फायदा आहे.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असते, उदाहरणार्थ ९६ एस. ९६ हा वजनाचा निर्देशांक आहे. असा टायर योग्य हवेवर ७१० किलो भार पेलू शकतो. 'एस' हे वेगाचे अक्षर असून त्याची मर्यादा ताशी १८० किलोमीटर असते. खडबडीत रस्त्यांसाठीच्या अनेक टायरांवर 'क्यू' असते. त्याची मर्यादा १६० आहे. नवा टायर घेताना वजनाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

हे सगळे आकडे टायरवर असतात. पण तो टायर किती रुंद रिमवर बसवायचा, हे ग्राहकाला टायरच्या बाजूवर सहसा वाचायला मिळत नाही. ते टायर कंपनीच्या तक्त्यात असते. भारतात टायर आणि रिम यांच्या जोड्यांची मापे इंडियन टायर टेक्निकल ॲडव्हायझरी कमिटी ही संस्था आपल्या प्रमाणपुस्तकात देते. प्रत्येक मापाच्या टायरसाठी रिमची कमीत कमी आणि जास्तीत जास्त रुंदी ठरलेली असते. त्यांच्या दरम्यान एक रुंदी अशी असते की तिच्यावर टायर बसवूनच त्याचे छापील माप मोजतात.

दुकानातली मोजपट्टी

जिम्नीचे मूळ रिम साडेपाच इंच रुंदीचे आहे. जिप्सीच्या रिमची रुंदीही तेवढीच होती. २३५/७५ आर १५ या टायरसाठी सर्वसाधारणपणे ६ ते ८ इंच रुंदीचे रिम चालते आणि त्याचे छापील माप साडेसहा इंचांच्या रिमवरचे असते. म्हणजे कारखान्यातून आलेले चाक या टायरच्या किमान मर्यादेपेक्षाही अर्धा इंच कमी पडते.

इथे मोजण्याची एक चूक नेहमी होते. रिमची रुंदी बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजायची नसते. टायरची तारेची कड, जिला 'बीड' म्हणतात, ती आतून जिथे टेकते त्या दोन जागांमधले अंतर म्हणजे रिमची रुंदी. दुकानात कोणी बाहेरून पट्टी लावली, तर जवळपास एक इंच जास्त भरतो. साडेपाचाचे रिम साडेसहाचे वाटते आणि टायर 'अगदी मापाचा' ठरतो. खरे माप चाकावरच कोरलेले असते. पोलादी किंवा अलॉय चाकाच्या मागच्या अंगाला '१५ × ५½ जे' असे काहीतरी लिहिलेले सापडते. 'जे' हे कडेच्या आकाराचे चिन्ह आहे. चाक उतरवून हे वाचायला पाच मिनिटे पुरतात.

"पण टायर तर सहज चढतो," असे मुलगा म्हणेल. ते खरेही आहे. रिमचा व्यास १५ इंच आणि टायरचाही १५ इंच, त्यामुळे तो चढणारच. रुंदीच्या बाबतीत रबर लवचीक असते, दोन्ही कडा थोड्या जवळ दाबल्या की टायर अरुंद रिमवरही बसतो, हवा धरतो आणि गाडी दुकानातून बाहेर पडते. टायर चढला यावरून फक्त व्यास जुळल्याचे कळते.

आत काय बिघडते?

रुंद टायर अरुंद रिमवर बसला की त्याच्या दोन्ही बाजू रिमच्या बाहेर फुगतात. तळाकडे ओढल्या गेल्यामुळे वरचा नक्षीचा पट्टा मधोमध उचलला जातो. सपाट असायला हवी ती पाठ कमानीसारखी होते. त्यामुळे डांबरी रस्त्यावर मधला पट्टा जास्त टेकतो आणि कडा कमी टेकतात.

याचा पहिला परिणाम खिशावर होतो. टायर मधोमध लवकर झिजतो आणि कडांची नक्षी जवळजवळ नवी असतानाच तो बाद करावा लागतो. शिवाय ज्या रुंदीसाठी पैसे मोजले, ती पूर्ण मिळतही नाही. रिम अर्ध्या इंचाने बदलले की टायरची रुंदी साधारण ५ मि.मी. ने बदलते. साडेसहाऐवजी साडेपाचाच्या रिमवर २३५ चा टायर सुमारे २२५ चाच उरतो. पैसे २३५ चे आणि माल २२५ चा, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटणार नाही.

दुसरा परिणाम गाडीच्या वागण्यावर होतो. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर येते. रिमच्या बाहेर लोंबणारी टायरची बाजू त्या वेळी आडवी झुलते. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते आणि मग एकदम कलते. अशा गाड्या मुळातच उंच आणि रुंदीला बेताच्या असतात. रिकाम्या गाडीत हा झोल जाणवत नाही, पण पाच माणसे, टपावर सामान आणि समोर अचानक आलेली गाय असा प्रसंग आला की तो जाणवतो.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते. ती जितकी जास्त वाकते तितकी उष्णता जास्त निर्माण होते. त्यात हवा कमी असेल तर उष्णता आणखी वाढते. रबर आणि आतले पोलादी पट्टे यांची पकड उष्णतेने सैल पडते आणि एक दिवस पट्टा सुटतो किंवा टायर फुटतो. उत्तर भारतात मे-जूनमध्ये सावलीतला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. शहरातल्या ताशी ४० किलोमीटरच्या वेगात जो टायर वर्षभर तक्रार करत नाही, तोच द्रुतगती मार्गावर सलग दोन तास धावल्यावर दगा देऊ शकतो.

दिल्लीहून नागपूरला जाताना अंतर हजार किलोमीटरहून जास्त पडते. पुढे मुंबईच्या दिशेला जायचे असेल तर समृद्धी महामार्ग आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. सुरुवातीच्या महिन्यांतच तिथल्या अपघातांची चर्चा झाली आणि २०२३ मध्ये परिवहन खात्याने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. सरळ, लांब आणि वेगवान सिमेंटचा रस्ता टायरची खरी परीक्षा घेतो, हा त्याचा अर्थ.

अरुंद रिमची बाजू घेणारे

मुलगा यावर एक मुद्दा मांडेल आणि तो पूर्णपणे चुकीचा नसेल. डोंगर-वाळूत गाडी चालवणारे कित्येक अनुभवी लोक मुद्दाम अरुंद रिम पसंत करतात. त्याला कारण आहे. वाळूत आणि दगडांवर टायरची हवा कमी करावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. हवा कमी केल्यावर रुंद रिमवरून टायरची कड निसटण्याची भीती असते. अरुंद रिमवर टायरच्या बाजू कडांना बाहेरच्या दिशेने दाबून धरतात, त्यामुळे कड सहसा सुटत नाही. शिवाय फुगलेल्या बाजूच्या आड रिमची धार लपते आणि दगडाचा मार रिमला कमी बसतो.

इतिहासही काहीसा अरुंद चाकांच्या बाजूने आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे टायर ६.०० – १६ मापाचे होते आणि रिम साडेचार इंचांचे. त्याच घराण्यातल्या जीप पुढे महिंद्राने भारतात बनवल्या. आजच्या तरुणांना ती चाके सायकलची वाटतील. पण अरुंद आणि उंच टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो, हे त्या जीपनी जगाला दाखवले. रुंद टायर मऊ वाळूत किंवा बर्फावर तरंगण्यासाठी उपयोगी असतो. आइसलँडमध्ये बर्फावर चालवायच्या जीपना प्रचंड टायर घालतात, पण त्यांच्या जोडीला रिमही तितकेच रुंद असतात आणि गाडीचा सांगाडाही त्यासाठी बदललेला असतो.

म्हणजे अरुंद रिम हा दोष नाही. टायर कंपनीने दिलेल्या मर्यादेतले सर्वांत अरुंद रिम निवडणे हा खडतर वाटांवरचा शहाणपणा आहे. त्या मर्यादेच्याही खाली जाणे ही निराळी गोष्ट झाली. आणखी असे की हवा कमी करून चालवायचा तो वेग ताशी वीस-तीस किलोमीटरचा असतो. अरवलीच्या वाटेवर रविवारी दोन तास जे चालते, ते सोमवारी रिंग रोडवर आणि मे महिन्यात महामार्गावर चालेलच असे नाही. लक्ष्मीबाई नगरातल्या गाडीचा बहुतेक काळ तर ऑफिसच्या वाटेवरच जातो.

स्पीडोमीटर, ब्रेक आणि दारावरची स्टेपनी

रिमचा प्रश्न सुटला तरी मोठ्या टायरचे इतर हिशेब उरतात. चाक ६ टक्के मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी ६ टक्के जास्त अंतर जाते. गाडीला ते ठाऊक नसते. पूर्वी काटा ८० वर असताना जो वेग असे, त्यापेक्षा आता त्याच काट्याला ताशी चार-पाच किलोमीटर जास्त वेग असतो. कारखान्यातून स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्तच दाखवतो. ती सुरक्षित सवलत इथे संपून जाते. वेगमर्यादेचा कॅमेरा मात्र खरा वेग मोजतो.

किलोमीटरचा आकडाही कमी पडतो. म्हणून नवे टायर घातल्यावर ॲव्हरेज घटल्याची जी तक्रार होते, तिच्यातला थोडा भाग आकड्यांचा खेळ असतो. पण खरी घटही होतेच, कारण जड आणि खडबडीत टायर फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. पिकअप मंदावतो. चढावर एक गिअर आधीच खाली उतरावे लागते. ब्रेकनाही मोठे आणि जड चाक थांबवायला तितकाच जास्त जोर लागतो आणि ब्रेक तर मूळचेच असतात.

पुढची चाके पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला घासतो का, हेही पाहावे लागते. दुकानाच्या सपाट फरशीवर तो घासत नाही. वसाहतीच्या गेटवरच्या गतिरोधकावर, भरलेली गाडी वळवताना घासतो.

सगळ्यांत दुर्लक्षित राहते ती स्टेपनी. जिम्नी आणि जिप्सी यांची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते. चार टायर नवे घेतले आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर दोन चाकांच्या उंचीत ४० मि.मी. चा फरक राहतो. रस्त्यात पंक्चर झाले की गाडी एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या चाकावर चालवावी लागते. त्या स्थितीत फोर व्हील ड्राइव्ह लावले तर चाकांच्या वेगातला फरक गिअर आणि आसांवर पडतो, आणि महागडे भाग मोडू शकतात. म्हणजे ज्या अडचणीच्या जागी फोर व्हील ड्राइव्ह हवे, तिथेच ते वापरता येणार नाही. म्हणून हिशेब चार टायरांचा नव्हे, पाचांचा करावा. पाचवा मोठा टायर दारावर टांगला की दाराच्या बिजागरीवर भार वाढतो, तोही लक्षात घ्यावा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२ अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बॉडीच्या बाहेर डोकावणारी चाके तपासणी करणाऱ्याच्या नजरेत सर्वांत आधी भरतात. टायर झिजण्यालाही मर्यादा आहे. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मि.मी. पेक्षा कमी खोल असता कामा नये. मधोमध झिजणारा टायर ही मर्यादा लवकर गाठतो.

इतर देशांत हौशी लोकांसाठी रीतसर वाट असते. जर्मनीत मान्य यादीबाहेरचे चाक किंवा टायर घातले तर तपासणी संस्थेकडून गाडी तपासून घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत अशा फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांचे चाक मूळ मापापेक्षा ५० मि.मी. पर्यंत उंच करण्याची सोय आहे, पण रिम आणि टायर यांची जोडी प्रमाणात असलीच पाहिजे, ही अट आहे. तिथेही साडेपाचाच्या रिमवर २३५ चा टायर या अटीत बसणार नाही.

विम्याचा विचारही आधीच करावा. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवला नसेल, तर अपघातानंतर भरपाईच्या वेळी वाद निर्माण होऊ शकतो. गाडीच्या वॉरंटीबाबतही सर्व्हिस सेंटरमधून आधी लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासन नंतर कोणालाच आठवत नाही.

घरातला निर्णय

इतके कळल्यावर त्या घरातली चर्चा थोडी निराळ्या वळणावर जाईल.

"अरे, पण तुला हे टायर कशासाठी हवेत?" आई विचारील.

"आई, डोंगरात जायला. मित्र जातात ना सगळे."

"वर्षातून किती वेळा?"

"दोनदा... तीनदा."

"आणि आजीला घेऊन महामार्गावरून जायचं ते?"

यावर वडिलांनी मुलाला नाउमेद करण्याचे कारण नाही. "हौस कर, पण चाकाला मानवेल तेवढी कर," एवढे म्हटले तरी पुरे. कारण हौस भागवण्याचे सरळ मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग म्हणजे मापाला हात न लावता फक्त नक्षी बदलणे. मूळ मापातच 'ऑल टेरेन' प्रकारचा टायर मिळाला तर डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्ही निभतात. ब्रेक, स्पीडोमीटर, कायदा, विमा यांतले काहीच बिघडत नाही. शहरातल्या गाडीला खोल नक्षीचे 'मड टेरेन' टायर टाळावेत. ते गोंगाट करतात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते.

दुसरा मार्ग एकच पायरी चढण्याचा आहे. २१५/७५ आर १५ हा टायर साडेपाच इंचांच्या रिमवर बसतो. ती त्याची खालची मर्यादा आहे. त्याची उंची सुमारे ७०४ मि.मी., म्हणजे मूळपेक्षा दीड टक्काच जास्त. स्पीडोमीटरमध्ये नगण्य फरक पडतो. तरीही निवडलेल्या टायरच्या कंपनीचा तक्ता पाहावा आणि सर्व्हिस सेंटरला विचारावे, कारण हे माप गाडीच्या कागदांवरचे नाही.

तिसरा मार्ग २३५ चा टायर आणि त्याला साजेसे साडेसहा किंवा सात इंचांचे रिम. टायरच्या दृष्टीने ही जोडी योग्य आहे, पण गाडीच्या दृष्टीने खर्च आणि प्रश्न दोन्ही वाढतात. रिमच्या बोल्टांची मांडणी जुळली म्हणजे रिम जुळले, असे नाही. चाक आत किती आणि बाहेर किती राहणार, हे त्याच्या 'ऑफसेट'वर ठरते. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवर ताण येतो. चाकामागे चकती, म्हणजे 'स्पेसर', घालून जागा करणे तर कटाक्षाने टाळावे. शिवाय कायद्याचा आणि विम्याचा प्रश्न उभा राहतोच.

चौथा मार्ग म्हणजे २३५ चा टायर मूळ रिमवर चढवणे. त्याविषयी वर लिहिलेच आहे. तो दुकानात सर्वांत स्वस्त दिसतो, आणि रस्त्यावर सर्वांत महाग पडतो.

खरेदीला जाताना

टायर घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

● जुने चाक उतरवून मागच्या बाजूचे रिमचे माप वाचावे आणि वहीत लिहून घ्यावे. दुकानाच्या मोजपट्टीवर विसंबू नये.

● निवडलेल्या टायरसाठी कंपनीने रिमची किमान आणि कमाल रुंदी किती दिली आहे, हे तक्त्यात दाखवायला सांगावे. 'चालतं' हे उत्तर पुरेसे मानू नये.

● टायरवर आय.एस.आय.चे चिन्ह पाहावे. मोटारीच्या टायरसाठी मानकाचा क्रमांक आय.एस. १५६३३ आहे.

● बाजूवर चार आकडी उत्पादनाची तारीख असते. २४२५ म्हणजे २०२५ सालातला २४ वा आठवडा. स्वस्तात मिळणारा टायर अनेकदा गोदामात पडून राहिलेला असतो.

● पाचही टायर एकाच मापाचे घ्यावेत. बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासावेत.

● हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. प्रमाण गाडीच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर दिलेले असते. डोंगरात हवा कमी केली असेल, तर डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. त्यासाठी छोटा पंप गाडीत ठेवावा.

● टायर रस्त्यावर सपाट टेकतो का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. टायरच्या पाठीवर खडूने आडवी रेघ काढावी आणि सपाट रस्त्यावर सावकाश थोडे अंतर सरळ जावे. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली तर ठीक. फक्त मधोमध पुसली गेली तर हवा जास्त आहे किंवा रिम अरुंद पडते आहे. या युक्तीने हवा सुधारता येते, चुकीचे रिम मात्र सुधारत नाही.

● ज्यांनी आधीच रुंद टायर मूळ रिमवर चढवले आहेत, त्यांनी निदान लांबचा प्रवास, जास्त वेग आणि पूर्ण भरलेली गाडी या तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नयेत, आणि शक्य तितक्या लवकर टायर किंवा रिम बदलून घ्यावे.

गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये रबराचे चारच तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा जेमतेम तळहाताएवढाच जमिनीला टेकलेला असतो. मुलाची नवी गाडी, वडिलांची बचत आणि मागच्या सीटवर डुलकी घेणारी आजी हे सगळे त्या चार तळहातांवर तोललेले असतात. टायर निवडताना आरशातला रुबाब नंतर पाहावा. चाकाच्या मागे कोरलेला तो छोटासा आकडा आधी वाचावा.